दिवेलागणीचा तास

प्रथम वर्षाच्या वर्गात ‘श्यामची आई’वर चर्चा चालू होती. मराठी घरातील संध्याकाळ, तुळशीपुढचा दिवा, शुभंकरोती, परवचा, आजीची गोष्ट असे बोलता बोलता मी नेहमीच्या सवयीने ‘आपल्या घरांतून’ असा शब्दप्रयोग केला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने शांतपणे विचारले, “सर, आपल्या म्हणजे कोणाच्या? आमची आई त्या वेळेला फडातून आलेली नसायची.” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हते. नंतर काही दिवस जुनी आत्मचरित्रे व आठवणी पुन्हा चाळताना लक्षात आले की मुले वाढविण्याच्या मराठी पद्धतीविषयी आपण ज्या एका चित्राच्या आधारे बोलतो, त्या चित्रातील दिवेलागणीचा तास प्रत्यक्षात फार निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या कारणांनी पाळला जात होता. काही घरांतून तो नव्हताच. प्रस्तुत लेखात त्या तासाचा थोडा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

आधी परवच्याविषयी. आज ‘शुभंकरोती-परवचा’ असा जोडशब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात धार्मिक संस्कार उभा राहतो. स्तोत्रे त्यात होतीच. रामरक्षा होती, भीमरूपी होती, मनाच्या श्लोकांपैकी काही असत. पण परवचा म्हणजे मुख्यतः पाढे. तेही केवळ बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. अपूर्णांकांचे हे पाढे मुले सुरात घोळवून पाठ करीत, त्याचे कारण बाजारात होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाका. दीड आणे शेर या भावाने अडीच शेर जिन्नस घेतला तर पावणेचार आणे, म्हणजे तीन आणे तीन पैसे, हे उत्तर कागदाशिवाय द्यावे लागे. ज्याला दिडकी येत नसे तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत राही. त्यापाठोपाठ तिथी, महिने, ऋतू, नक्षत्रे म्हटली जात. पेरणीची, सणाची, देण्याघेण्याची सर्व बोलणी त्याच भाषेत होत असल्याने रोहिणीनंतर मृग लागतो हे ठाऊक असणे पोराच्या व्यवहारज्ञानाचा भाग होता.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ वजने-मापेही दशमान झाली, आणि पावकी-औटकीचा आधारच गेला. पुढच्या दोन दशकांत परवच्याचा हा हिशेबी अर्धा भाग घराघरांतून गळून पडला व स्तोत्रांचा अर्धा तेवढा उरला. आपण त्या उरलेल्या अर्ध्यालाच मूळ समजू लागलो. ‘संस्कार’ या शब्दाचा आज जो सोवळा वास येतो तो काही अंशी या गळतीचा परिणाम असावा असे मला वाटते. आपल्या पणज्याला विचारता आले असते तर मुलांना तिन्हीसांजेला बसविण्यामागे देव किती आणि वाणी किती, याचे प्रमाण त्याने कदाचित निराळे सांगितले असते.

घरातील नित्याच्या सवयी म्हणजे आपोआपच चांगल्या सवयी, हा समज दूर करायला लक्ष्मीबाई टिळकांसारखा साक्षीदार नाही. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील वडिलांचे चित्र आठवावे. शिस्त, नेम, शुचिता यांची त्या घरात वाण नव्हती. वाण होती ती पोरांना मोकळेपणाने श्वास घेण्याची. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुण्याचे वेड, विटाळाची धास्ती, आईचा दिवसभर चाललेला जाच, आणि या सर्वांतून वाट काढीत खोड्या करणारी मुले. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. पण त्या हसण्याआड एका घराची रोजची दहशत आहे. दिनक्रम तेथेही ठरलेलाच होता, आणि तो घड्याळासारखा पाळला जाई. त्याने मुले सुखी झाली नाहीत एवढेच.

आता ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत, बरेचसे रात्री जागून लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटाने त्याला घरोघर नेले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळाले. तेव्हापासून हे पुस्तक पालकांनी मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक झाले. बारशाला द्या, मुंजीला द्या, बक्षीस म्हणून द्या.

पण या पुस्तकाची रचना पाहा. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. छापील आवृत्तीत अशा बेचाळीस रात्री आहेत. श्याम या गोष्टी कोठे सांगतो? घरात नव्हे. आश्रमात, सायंप्रार्थना आटोपल्यावर, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे. हळूहळू गावातील माणसेही ऐकायला येऊ लागतात. म्हणजे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध ‘घरगुती’ पुस्तकातील दिवेलागणीचा तास हा घर मागे टाकून आलेल्या माणसांचा आहे. आई गेलेली आहे, घर कर्जात बुडालेले आहे, आणि लिहिणारा गजाआड आहे. एवढे सर्व हरवल्यावर त्या तासाची आठवण झालेली आहे. संस्कारांचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचताना ही चौकट आपण गाळतो.

आत काय आहे तेही पाहावे. आई व्याख्यान देण्यासाठी श्यामला कधी बसवीत नाही. पत्रावळ लावता आली पाहिजे, विहिरीत उडी घालता आली पाहिजे, झाडावरची कळी उमलण्याआधी खुडू नये, भाजी अळणी झाली तरी रांधणाऱ्याला लागेल असे बोलू नये, मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला हात दिलाच पाहिजे, मग शिवाशिवीचे काय व्हायचे ते होवो. सर्व शिकवण कामाच्या ओघात येते. आणि ती नेहमी मऊ नसते. पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटी घेऊन बाहेर काढते, तो प्रसंग आजच्या पालकांपुढे वाचला की थोडी चुळबुळ होते. व्हावी. त्या काळच्या प्रेमात माराची जागा होती, हे आपण लपवू नये आणि त्याचे गोडवेही गाऊ नयेत.

साने गुरुजींचा स्वतःचा पालकत्वाचा प्रयोगही घरात झाला नाही. अंमळनेरला शिक्षक असताना त्यांच्याकडे छात्रालय सोपविले होते. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजाऱ्याजवळ बसणे ही कामे ते न बोलता करीत आणि ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित रोज लिहून मुलांसाठी लावीत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना संध्याकाळच्या शुभंकरोतीऐवजी हे रोजचे हाताने लिहिलेले पान मिळत होते. ‘श्यामची आई’ लिहिणारा माणूस दहावीस वर्षांच्या अंतराने आईचीच कामे करीत होता, आणि ती कामे पुरुषाने करावयाची नसतात असे मानणाऱ्या काळात करीत होता. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले, तेथे हा अध्याय संपला.

याच तासाची दुसरी एक कथा आहे, आणि माझ्या मते ती अधिक मोठी आहे. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत रामजी सकपाळ आपल्या मुलांना घेऊन राहत होते. लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली होती, घर कबीरपंथी. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच गेली होती. आत्या मीराबाईंनी मुलांना वाढविले होते. स्वयंपाक, झोप, अभ्यास, पाहुणा, सर्व त्या एका खोलीत. रामजींनी यावर काढलेली तोड प्रसिद्ध आहे. ते मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री उशिरापर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि आपण झोपत. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागून आणावा, तो गहाण ठेवावा, पेन्शन आली की सोडवून परत करावा, असा क्रम चाले. जागा नसेल तर वेळेची वाटणी करून मुलाला एक खोली द्यायची, हा विचार करणारा बाप बालसंगोपनाच्या कोणत्याही इतिहासात पहिल्या प्रकरणात यायला हवा. येत नाही.

संध्याकाळ या घरातही होती. अभंग, कबीराचे दोहे आणि रामायण-महाभारताचे वाचन मुलांना सक्तीचे होते. वरवर पाहता चित्र सदाशिव पेठेतल्यासारखेच दिसेल. पण कारण वेगळे होते, आणि ते कारण खुद्द बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेली त्यांची एक प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती. त्यात ते सांगतात की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची महती आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता वारंवार येते ते आम्हांला का वाचायला लावता, असे त्यांनी वडिलांना विचारले होते. वडिलांचे म्हणणे असे की, अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलाच्या मनात न्यूनगंड येणे स्वाभाविक आहे; द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही लहान जागेवरून उठलेली माणसे, त्यांच्याकडे पाहून तो जातो. मुलाला हे उत्तर पुरते पटले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कोणीच आपल्याला आवडत नाही, असे त्याने सांगून टाकले.

या प्रसंगात मला दोन गोष्टी थांबवतात. पहिली, पाठांतरामागे बापाकडे कारण आहे, आणि विचारले तर तो ते सांगतो. दुसरी, मुलाला ते नाकारता येते, आणि नाकारल्यावरही त्याच्या अभ्यासासाठी बाप रात्री जागतच राहतो. ज्या मुलाला शाळेत शिपाई हजर नसेल तर पाणीदेखील मिळत नव्हते, त्याला घरात प्रश्न विचारायची मुभा होती. आपल्या ‘संस्कारी’ घरांतून परवचा म्हणणाऱ्या किती मुलांना हे विचारता आले असते? असो.

मुलींचे काय, हे थोडक्यात सांगता येते, कारण त्यांचे बालपणच थोडक्यात आटपे. १८७३ साली अकराव्या वर्षी रमाबाई न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१०चे. रानड्यांनी बायकोला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले ते घरातली कामे उरकल्यावर, रात्री. आणि दिवसा घरातील बायका त्याची भरपाई टोमण्यांनी करून घेत. त्या घरातील रात्रीचा तास म्हणजे नवऱ्याकडून शिकणाऱ्या एका मुलीचा वर्ग होता. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ मध्ये ती मर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले ते सर्वांस ठाऊक आहे. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा केले. ज्याला आज आपण किशोरवय म्हणतो तो काळ मुलींच्या वाट्याला येऊ लागला तो असा, कायद्याच्या एकेका पायरीने. शब्दसुद्धा त्यामागूनच आले. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून शरीराविषयी स्वच्छ भाषेत लिहीत राहिले आणि त्यापायी खटले सोसत राहिले, त्यांपैकी एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. वाढत्या मुलाशी घरात काय बोलावे हा प्रश्न त्या काळी थेट न्यायालयात जाई. मराठी घराने या बाबतीत फारशी प्रगती केली आहे असे मला वाटत नाही. आता आपण तो प्रश्न गूगलकडे पाठवतो.

या सर्व काळात, संध्याकाळ ज्यांच्या घरी कधी वेळेवर आलीच नाही त्या मुलांचा विचार कोणी केला? केला, पण तो पुण्यात नव्हे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, तेथे मॉन्टेसरी पद्धतीचे काम शिकल्या आणि १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. येथवरची कथा मध्यमवर्गीय मुलांची आहे. लहान मुलाला भीती आणि शिक्षा न दाखवताही शिकवता येते, ते स्वतःच्या हाताने काम करू पाहते, हे ताराबाई पालकांना तळमळीने सांगत राहिल्या. ऐकणारे पालक मात्र बहुतेक करून फी भरू शकणारे होते, आणि हे त्यांना टोचत होते.

१९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तर वस्तीतील मुले येईनात. का येत नाहीत याचा शोध त्यांनी पालकांच्या अज्ञानात घेतला नाही, हे त्यांचे मोठेपण. आईबाप कामावर गेले की मुलांना इथवर आणून सोडणार कोण? मग बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली; तीच ‘अंगणवाडी’. खेळण्यांच्याही आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज धुणे हा पहिला कार्यक्रम असे. महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, दगड आले.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तेथे आणखी एक अडचण आली. आठदहा वर्षांची मुलगी शाळेत यायला तयार असे, पण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. भावंड ठेवायचे कोठे? यातून ‘विकासवाडी’ उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठीने वर्गात बसावे, मधल्याने बालवाडीत खेळावे, तान्हे पाळण्यात झोपावे. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. तिला नाव पडले ‘कुरणशाळा’. घराने मुलांच्या वेळेची काळजी घ्यावी, असे घरांना सांगत बसण्याऐवजी, त्या घरांची वेळ कशी बांधलेली आहे ते पाहून या दोघींनी आपले वेळापत्रक वाकविले. रामजींनी एका खोलीत जे केले, ते येथे टेकडीवर झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज ते नाव साऱ्या देशात चालते, परंतु मराठीच्या अभ्यासक्रमात अनुताईंचा ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ किती ठिकाणी आहे, हे विचारायला हरकत नाही.

आमच्या अभ्यासक्रमात दलित आत्मकथने आली, ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), आणि त्यांतून बालपणाची निराळी दिनचर्या वर्गात पोचली. पण आम्ही ती आत्मकथने दुःखाचा, विद्रोहाचा दस्तऐवज म्हणून शिकवतो आणि ‘श्यामची आई’ संस्काराचा म्हणून. ‘उपरा’मध्ये गाढवावर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा बाप जमातीचा विरोध पत्करून मुलाला शाळेत घालतो, याला पालकत्वाची गोष्ट म्हणून वाचण्याचे आम्हाला सुचत नाही. पुस्तकांच्या या वाटणीत आमच्या पिढीच्या प्राध्यापकांचा दोष आहे, आणि त्यात मी आहे.

त्या मुलाला मी नंतर सत्रातील लेखनासाठी विषय दिला: ‘आमची दिवेलागण’. त्याने चार पाने लिहून आणली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. कारखान्याच्या तळावरची पाचटाची कोपी, उन्हाळ्यापर्यंत तिथेच मुक्काम, थोरल्या बहिणीने तीन दगडांच्या चुलीवर लावलेला भात, आई येईपर्यंत धाकट्याला जागे ठेवण्यासाठी तिने केलेल्या युक्त्या. आई अंधारातून यायची, भाकरी थापायची आणि पहाटे पुन्हा फडाकडे निघायची. दिवसाच्या मोळ्यांचा हिशेब ती झोपण्यापूर्वी तोंडाने करी. मुकादमाने लिहून घेतलेला आकडा आणि आपला आकडा जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी ती विसांच्या गटांनी मोजायची, बोटांच्या पेरांवर. आणि प्रत्येक वीस झाले की पोरांपैकी एकाने ते मोठ्याने म्हणायचे, असा त्यांच्या घरचा नियम होता.